हंगाम बुडाला, तो कोणाचा?

महामारीच्या काळात पर्यटन उद्योगाने बदलत्या परिस्थितीशी कसे ‘जुळवून घेतले’, याची कौतुकभरली वर्णने भांडवलदारी वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून आली. युरोप-अमेरिकेतील स्कीइंगच्या केंद्रांनी आगाऊ आरक्षण सक्तीचे केले, रज्जुमार्गाच्या पाळण्यांत माणसे कमी बसवली, उपाहारगृहांऐवजी उघड्यावर पुडक्यांतून अन्न दिले, रांगांत अंतर राखले. ही वर्णने खोटी नाहीत. परंतु त्यांत पाहुणा दिसतो, मालक दिसतो, पाळण्यांची संख्या दिसते. पाळणा चालवणारा मात्र दिसत नाही. उद्योगाने जुळवून घेतले म्हणजे नेमके कोणी काय सोडले, हा प्रश्न विचारल्याखेरीज या कौतुकाला अर्थ नाही.

ऑस्ट्रियातील इश्गल गावाची हकीकत जगजाहीर आहे. तेथील एका मद्यालयाच्या कर्मचाऱ्यास ७ मार्च २०२० रोजी कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. आइसलँडने त्याआधीच या गावाविषयी धोक्याचा इशारा दिला होता. तरीही हंगाम चालू राहिला. १३ मार्चला सरकारने खोऱ्याच्या विलगीकरणाची घोषणा केली, तेव्हा हजारो पाहुणे घाईगर्दीने बाहेर पडले आणि रोग सोबत घेऊन आपापल्या देशी गेले. सरकारी चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्थानिक प्रशासनाच्या दिरंगाईवर ठपका ठेवला. पुढे ग्राहक संघटनेकडे सुमारे ४५ देशांतील ६ हजारांहून अधिक पाहुण्यांनी तक्रारी नोंदवल्या. पाहुण्यांना तक्रार नोंदवण्यास जागा होती, हे योग्यच झाले. मात्र त्याच गर्दीत काम करून, बिऱ्हाड आवरून परत गेलेल्या हंगामी नोकरांची अशी कोणती नोंदवही कोणी उघडली?

अमेरिकेतील व्हेल रिसॉर्ट्स या बलाढ्य कंपनीने मार्च २०२० च्या मध्यास आपली केंद्रे बंद केली. हंगामी कामगारांचा हंगाम तेथेच संपला, आणि एप्रिलपासून वर्षभर ताशी वेतनावर राबणाऱ्या जवळजवळ सर्व अमेरिकी कामगारांना बिनपगारी रजेवर घरी बसवण्यात आले. फ्रान्समध्ये २०२०-२१ चा संपूर्ण हिवाळा रज्जुमार्ग बंद राहिले. तेथे मालकांना भरपाई मिळालीच, पण हंगामी कामगारांनाही अंशतः बेरोजगारीच्या योजनेखाली वेतनाचा मोठा हिस्सा मिळाला. फ्रेंच सरकारला अचानक कामगारप्रेमाचा उमाळा आला असे कोणी समजू नये. तेथे हंगामी कामगाराजवळ लेखी करार असतो, आणि महामारीपूर्वी जेमतेम महिनाभर, फेब्रुवारी २०२० मध्ये, सी.जी.टी.सारख्या संघटनांच्या हाकेवर याच कामगारांनी बेकारी विम्यातील कपातीविरुद्ध संप केला होता. संकट आले तेव्हा त्यांचे अस्तित्व नाकारणे कोणालाही शक्य नव्हते.

आपल्याकडे नेमके हेच शक्य झाले. त्याचे उदाहरण बर्फात शोधण्याचे कारण नाही. ते जयपूरमध्ये आहे. जयपूरचा हंगामही हिवाळ्याचाच, ऑक्टोबर ते मार्च. भारतातील महामारीच्या इतिहासाचे एक आरंभीचे पानही याच शहरात लिहिले गेले. मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात दाखल असलेला एक इटालियन पर्यटक बाधित असल्याचे सिद्ध झाले. ४ मार्च रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी देशातील २८ रुग्णांचा आकडा दिला, त्यात या पर्यटकांच्या तुकडीतील १६ इटालियन होते, आणि एक भारतीय होता. तो त्यांच्या गाडीचा चालक होता.

२२ मार्चपासून राजस्थानात टाळेबंदी झाली. आमेरचा किल्ला, हवामहल, जंतरमंतर ओस पडले. जूनमध्ये वास्तू टप्प्याटप्प्याने उघडल्या, वेळ कमी, मुखपट्टी सक्तीची, गर्दी मर्यादित. म्हणजे येथेही ‘जुळवून घेणे’ झाले. परंतु ते पाहायचे तर आमेरच्या दरवाज्यावर उभे राहून दिसणार नाही. त्यासाठी शहराच्या उत्तरेकडील शास्त्री नगर आणि त्याला लागून असलेल्या भट्टा बस्तीत जावे लागते.

जयपूरला गेलेला मराठी प्रवासी मनिहारों का रास्ता या बाजारातून लाखेच्या बांगड्या आणतो. दुकानात कारागीर निखाऱ्यावर लाख तापवून गिऱ्हाइकासमोर बांगडी वळवून दाखवतो, ते दृश्य मोठे मोहक असते. पण बाजारात जाणारा ढीगभर माल त्या शेगडीवर तयार होत नाही. तो भट्टा बस्ती-शास्त्री नगरच्या गल्ल्यांतील कोंदट खोल्यांत तयार होतो. बांगडीवर काच, खडे आणि मणी चिकटवण्याचे काम घराघरांतून स्त्रिया करतात. त्यांना मजुरी नगावर मिळते. माल ठेकेदार आणतो, ठेकेदार नेतो. त्याच्या मागे व्यापारी, व्यापाऱ्याच्या मागे दुकानदार आणि निर्यातदार. पर्यटकाने दिलेल्या रुपयाची ही उतरंड पायरीपायरीने घसरत खाली येते, आणि खालच्या पायरीवर मालक कोण हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. २०१९ मध्ये देशात १ कोटी ९ लाख विदेशी पर्यटक आले होते. २०२० मध्ये २७ लाख आले, तेही बहुतेक टाळेबंदीपूर्वी. दुकानदाराने दुकान बंद केले, व्यापाऱ्याने मागणी थांबवली, ठेकेदाराने येणे सोडले. कोणालाही कामावरून कमी केल्याची नोंद झाली नाही, कारण कोणी कामावर असल्याचीच नोंद नव्हती.

यापुढची गोष्ट अधिक भयंकर आहे. टाळेबंदी शिथिल होऊन बाजार हळूहळू उघडू लागला, तेव्हा घसरलेल्या भावात माल पुरवण्यासाठी या धंद्यातील काही मालकांनी जुनाच मार्ग धरला. बिहारच्या गया आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मुले आणून त्यांना बांगड्यांच्या खोल्यांत कोंडून राबवण्याची प्रथा जयपूरला नवीन नाही. छापे पूर्वीपासून पडत आले आहेत. २०२० च्या ऑगस्टच्या सुमारास बिहारहून मुलांना घेऊन निघालेल्या बसगाड्या अडवल्या गेल्याच्या बातम्या आल्या. शाळा बंद, बापाची शहरातील मजुरी बुडालेली, घरात कर्ज. दलालाला याहून सोयीचा काळ कोणता? आगाऊ आरक्षण आणि राखलेले अंतर यांच्याबरोबरच ‘जुळवून घेण्या’चा हाही एक प्रकार मोजला पाहिजे.

हत्तींचे मात्र वेगळे झाले. आमेरच्या चढावर पर्यटकांना नेणाऱ्या हत्तींची संख्या शंभराच्या आसपास, त्यांच्यासाठी जवळच हाथीगाव वसवलेले. स्वारी बंद झाली तरी हत्तीला खायला लागते, आणि तो गल्लीत दडवता येत नाही. म्हणून त्याच्या उपासमारीची चिंता वृत्तपत्रांत उमटली, दानशूर पुढे आले. प्राण्याविषयीच्या करुणेला कोणी हरकत घेणार नाही. हत्ती दिसतो, इतकाच मुद्दा आहे.

केंद्र सरकारची मदत कोणत्या स्वरूपात आली? २८ जून २०२१ रोजी, म्हणजे दुसऱ्या लाटेने देश होरपळून निघाल्यावर, अर्थमंत्र्यांनी पर्यटन क्षेत्रासाठी योजना जाहीर केली. प्रवासी कंपन्यांना १० लाखांपर्यंत आणि परवानाधारक मार्गदर्शकांना १ लाखापर्यंत हमीचे कर्ज. लाभार्थी साधारण ११ हजार. जोडीला ५ लाख पर्यटकांना मोफत व्हिसा. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने सरकारच्याच सांगण्यावरून केलेल्या अभ्यासात महामारीपूर्वी पर्यटनावर ३ कोटी ४८ लाख रोजगार अवलंबून असल्याचा अंदाज होता, आणि २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत १ कोटी ४५ लाख, दुसरीत ५२ लाख व तिसरीत १८ लाख रोजगार बुडाल्याचे नमूद होते. कोट्यवधींचे काम गेले, हजारोंना कर्ज मिळाले. तेही कर्जच, बुडालेल्या मजुरीची भरपाई नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. २०२४ पर्यंत सुमारे ३० कोटी लोकांनी नावे नोंदवली. पण नाव नोंदवल्याने काम बंद पडल्यास एका दिवसाचेही वेतन हक्काने मिळत नाही.

कामावर परतायचे तर लस हवी, असा तो काळ होता. शास्त्री नगरच्या कांवटिया या सरकारी रुग्णालयातून एप्रिल २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या ३२० मात्रा चोरीस गेल्या आणि पोलिसांत फिर्याद झाली. जी वस्तू सर्वांना मोफत आणि मुबलक मिळायला हवी होती, ती चोरण्याजोगी दुर्मिळ का झाली, हा प्रश्न त्या फिर्यादीत अर्थातच नव्हता.

हे केवळ जयपूरचे दुखणे नाही. काश्मिरात गुलमर्गला ऑगस्ट २०१९ मध्ये पर्यटकांना बाहेर काढण्यात आले, आणि तो हंगाम सावरतो न सावरतो तोच महामारी आली. २०२०-२१ च्या हिवाळ्यात परदेशची केंद्रे बंद असल्याने देशातील सधन पाहुणे गुलमर्गला लोटले. हॉटेले भरली, पण लाकडी घसरगाडीवर पाहुण्याला बसवून बर्फातून ओढणाऱ्या माणसाच्या दोन बुडालेल्या हंगामांचा हिशेब त्या गर्दीत हरवला. माथेरानला घोडेवाले आणि हातरिक्षा ओढणारे यांची गत तीच झाली. पाहुणे थांबले त्या दिवशी मिळकत थांबली. त्या ९४ हातरिक्षांकडे देशाचे लक्ष गेले ते ६ ऑगस्ट २०२५ रोजी, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा व ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला तेव्हा.

लहान हॉटेलवाले, टॅक्सीमालक, छोटे दुकानदार यांनाही महामारीने जबर फटका दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. त्यांपैकी अनेक पुन्हा उभे राहिले नाहीत. परंतु त्यांचे म्हणणे मांडणारी मंडळे आहेत आणि त्यांचे ऐकले गेले. राजस्थान सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात पर्यटनाला उद्योगाचा पूर्ण दर्जा दिला. वीजदर आणि करांत सवलती मिळाल्या. उद्योग ठरला, तर त्यातील कामगार औद्योगिक कामगार का ठरत नाही?

यावर नेहमीचे उत्तर असे की, ज्याचा मालक रोज बदलतो त्याला संरक्षण देणे व्यवहार्य नाही. महाराष्ट्रातील कामगार चळवळीने हे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच निकालात काढले आहे. माथाडी-हमालांचा मालकही रोज बदलत असे. १९६९ च्या कायद्याने मंडळे स्थापन झाली, कामगार आणि मालक दोघांची नोंदणी झाली, मालकाने मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार द्यायचा, अशी व्यवस्था झाली. आज त्या मंडळांत दोष शिरले आहेत, ते खरे. पण तत्त्व टिकले. राजस्थाननेही २०२३ मध्ये फिरत्या ‘गिग’ कामगारांसाठी प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क आकारणारा देशातील पहिला कायदा केला, जरी त्या वर्षअखेरीस सरकार बदलल्यावर त्याची अंमलबजावणी रेंगाळली.

तोच मार्ग पर्यटनाला लागू करता येईल. किल्ल्याचे तिकीट, हॉटेलची खोली, निर्यातीचा माल, सगळ्यांचे हिशेब होतात. त्यांवर लेव्ही बसवणे अवघड नाही. तिच्यातून हंगाम बंद पडेल त्या काळातील मजुरी देता येईल. अडचण एकाच जागी आहे: शास्त्री नगरच्या खोलीत खडे चिकटवणाऱ्या स्त्रीचा मालक सापडत नाही. म्हणून लेव्ही मालक शोधून नव्हे, तर जेथे बांगडी विकली जाते तेथे वसूल झाली पाहिजे, आणि नोंदणी ठेकेदाराच्या शिफारशीवर न सोपवता वस्तीत जाऊन, घराघरांत झाली पाहिजे.