कठडा होता, हात मोकळा नव्हता

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर घडलेली गोष्ट आहे. घरात साफसफाई चालू होती आणि ७६ वर्षांची माझी आई नेहमीप्रमाणे जिना झाडत होती. उजव्या हातात केरसुणी, डाव्या हातात सुपली, कंबरेतून वाकलेली, आणि एकेक पायरी झाडत उलट्या पावलांनी खाली येणारी. शेवटच्या तीन पायऱ्या उरल्या असताना तिचा पाय चुकला. सावरण्यासाठी तिने हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारले, "आजी, जिन्याला कठडा नाही का?" आई म्हणाली, "कठडा आहे हो, हात मोकळा नव्हता."

या उत्तरानेच आजचा विषय सुचवला. जिना झाडणे हे दिसते तेवढे साधे काम नाही. केरसुणीने उडवलेला केर खालच्या पायरीवर पडतो, म्हणून सुरुवात वरूनच करावी लागते आणि शरीराला मागे मागे उतरावे लागते. वाकून एकदम उभे राहिल्यावर, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर, डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणारा चष्मा असेल तर खाली पाहताना नजर जवळच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. हे सगळे एकत्र येते ते नेमके दोन्ही हात गुंतलेले असताना.

प्लास्टर निघाल्यावर मी उत्साहाने व्हॅक्यूम क्लीनर आणला. आता आईला वाकावे लागणार नाही, असे वाटले होते. पण यंत्र जवळजवळ सहा किलोचे निघाले. एका हाताने ते पायरीवर धरावे, दुसऱ्या हाताने नळी फिरवावी, आणि वायर मात्र पायात घुटमळत राहावी, असा प्रकार झाला. गालिच्यासाठी केलेले त्याचे रुंद तोंड पायरीच्या कोपऱ्यात शिरेना. चार दिवसांत ते माळ्यावर गेले आणि केरसुणी परत आली. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. ते सपाट जमिनीसाठी घडवलेले होते, जिन्यासाठी नव्हे.

या यंत्राचा इतिहास आरोग्याशी जोडलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी शोषणाने धूळ काढणारे यंत्र तयार केले. ते इतके अवाढव्य होते की घोडागाडीवरून दारापर्यंत आणावे लागे आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. पुढे १९०७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कॅन्टन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाच्या सफाई कामगाराने ते हातात मावेल एवढे केले. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बळावत असे. तेव्हा वय साठीकडे झुकलेल्या या माणसाने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरते यंत्र बनवले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि त्याच्याच यंत्रातून हूवर हे नाव पुढे घरोघरी पोहोचले. स्पँगलरने आपल्या फुप्फुसांपासून सुरुवात केली होती. जिन्यासाठी यंत्र आखायचे तर सुरुवात हातापासून करायला हवी. एक हात कठड्याचा, हा पहिला नियम. उरलेल्या एका हाताला जे पेलवेल तेवढेच यंत्र.

हा नियम मान्य केला की बाकीची आखणी आपोआप उलगडत जाते. आम्ही मायलेकांनी एका संध्याकाळी एक साधा प्रयोग केला. एका काठीला अर्धा किलो तूरडाळीची पुरचुंडी आधी मुठीपासून १५ सेंमीवर बांधली, मग ९० सेंमीवर. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी मनगटावर येणारा ताण सहापट होतो. आईने अर्ध्या मिनिटात काठी खाली ठेवली. म्हणून यंत्राचे एकूण वजन किती, एवढेच विचारणे पुरेसे नाही. ते वजन मुठीपासून किती दूर आहे, हेही पाहावे. मोटर आणि धुळीची पेटी टोकाला असलेले यंत्र हलके असूनही हात दुखवते.

सर्वांत बरे म्हणजे मोटर हातात नसावीच. ती खाली जमिनीवर राहावी आणि फक्त नळी वर यावी. त्यासाठी नळी किती लांब हवी, याचा हिशोब सोपा आहे. १७ सेंमी उंचीच्या दहा पायऱ्या असतील तर चढ होतो १७० सेंमी. प्रत्येक पायरी २७ सेंमी खोल धरली तर आडवे अंतर साधारण अडीच मीटर. म्हणजे तिरके अंतर तीन मीटरच्या आसपास. हात आणि दांडा यांची लांबी जमेस धरली, तर साडेतीन मीटरची नळी एका टप्प्याला पुरते. त्याहून फार लांब नळी घेतली तर शोषण कमी होते आणि गुंताही वाढतो. नळीचा रंग जिन्याच्या फरशीहून अगदी वेगळा, शक्यतो पिवळा किंवा केशरी असावा, म्हणजे अधू नजरेलाही ती पायाशी दिसेल. चालू-बंद करण्याचे बटण मुठीजवळ हवे. खाली ठेवलेल्या यंत्रावरच बटण असेल तर नळी चालू ठेवून जिना उतरावा लागतो. ते सरकवायचे बटण असावे. सतत दाबून धरायची कळ संधिवाताच्या बोटांना छळते.

तोंडाचा विचार वेगळा करावा लागतो. पायरीला तोंड हवे ते वीतभर रुंदीचे, म्हणजे पायरी आणि तिच्या मागची उभी बाजू यांमधला कोपरा एका फेरीत निघतो. कपाटामागच्या फटी, दिवाणाखालचा अंधार, देवघराच्या मागची बोळकंडी अशा सांदीकोपऱ्यांसाठी चपटे, निमुळते तोंड लागते. तेवढीच हवा अरुंद वाटेने जाते तेव्हा तिचा वेग वाढतो, म्हणून फटीतली धूळ ओढली जाते. मात्र वाट फारच अरुंद केली तर हवेचा प्रवाहच घटतो. अनेक यंत्रांत मोटर त्याच हवेने थंड राहते, त्यामुळे ती तापूही लागते. दिवाणाखाली हात घालण्यासाठी गुडघ्यासारखा मध्ये वाकणारा दांडा असेल तर माणसाला गुडघे टेकावे लागत नाहीत.

धूळ ओढून घेतली, पुढे काय? दमा असलेल्या व्यक्तीसाठी ही पायरीइतकीच निसरडी जागा आहे. पेटी झटकताना साठलेली सगळी धूळ एकदम तोंडावर येते. अशा घरात बंद पिशवीचे यंत्र अधिक सोयीचे, कारण पिशवी तशीच उचलून टाकता येते. पेटीचे यंत्र असेल तर ती रिकामी करण्याचे काम घरातील निरोगी व्यक्तीने, तोंडाला मास्क लावून, मोकळ्या हवेत करावे. हेपा प्रतीची गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते, पण यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर उत्तम गाळणीचाही उपयोग होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्र बदलले की कामाची दिशाही बदलता येते. शोषणाने केर खाली पडत नाही, म्हणून जिना खालून वर स्वच्छ करता येतो. तोंड पायऱ्यांकडे, पुढची पायरी डोळ्यांसमोर, एक हात कठड्यावर. उलटी पावले टाकण्याची गरजच उरत नाही. यंत्र कधीही आपल्यापेक्षा वरच्या पायरीवर ठेवू नये, ते घसरले तर थेट अंगावर येते. नळी भिंतीच्या बाजूने राहील असे पाहावे. वर पोहोचल्यावर यंत्र बंद करावे, क्षणभर थांबावे आणि मगच कठडा धरून सावकाश उतरावे. पायांत मोजे नकोत आणि जिन्यावर पुरेसा उजेड हवा. चक्कर येत असेल, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर जिन्याचे काम करावे की नाही हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दुकानात यंत्र पाहायला जाताना ज्यांना ते वापरायचे आहे त्यांना सोबत न्यावे. एका हाताने ते मिनिटभर धरायला सांगावे. पेटी स्वतः उघडू द्यावी. विक्रेता वॉटचे आकडे सांगेल, पण मोटर किती वीज खाते यावरून ती धूळ किती ओढते हे कळत नाही.

आम्हाला हवे तसे यंत्र एकसंध मिळाले नाही. जमिनीवर राहणारे एक छोटे यंत्र, त्याला बसणारी लांब नळी आणि वेगळे घेतलेले आखूड तोंड अशी जुळवाजुळव करावी लागली. बटण अजूनही यंत्रावरच आहे. म्हणून आई वर पोहोचून हाक मारते आणि खाली जो कोणी असेल तो यंत्र बंद करतो. मनगट पूर्वीसारखे झालेले नाही, त्यामुळे ती एका दिवशी अर्धाच जिना करते. मध्यंतरी मी तिला म्हणालो, "आई, हे काम आता माझ्यावर सोड." ती म्हणाली, "यंत्र तू खाली आणून ठेव. जिना मी बघते." मी यंत्र आणून ठेवतो आणि ती कठडा धरून वर जाऊ लागते.