आवाज दिसू लागला, आता धोकाही दिसू द्या

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर हल्ली मोठा एलईडी पडदा दिसतो. ठोका पडला की त्यावर रंगांचे कारंजे उसळते, आवाज उतरला की आकार विरघळतात. ही चित्रे दर वेळी आधी तयार केलेली नसतात. अनेकदा ती त्या क्षणीच्या आवाजातूनच घडतात. हे काम करणारी चिप म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर. ती वाढली मुख्यतः व्हिडिओ गेमच्या जोरावर.

संगणक आवाजाची सेकंदाला 44,100 किंवा 48,000 वेळा नोंद घेतो. त्यात ढोलाचा खर्ज किती, झांजेचा उंच स्वर किती, हे गणिताने वेगळे होते आणि प्रत्येकाला रंग व आकार मिळतो. फुल एचडी पडद्यावर सुमारे 20 लाख ठिपके असतात. ते सेकंदाला 60 वेळा बदलायचे, म्हणजे दर सेकंदाला 12 कोटींहून अधिक वेळा रंग ठरवायचा. ग्राफिक्स प्रोसेसरमधील शेकडो-हजारो छोटे गणक हे काम एकाच वेळी वाटून घेतात. त्यामुळे घरच्या गेमिंग संगणकावरही हौशी तरुणांना असे प्रयोग करता येतात.

स्वरांची ही विभागणी आपला कान जन्मापासून करतो. आंतरकर्णातील शंखासारख्या वेटोळ्या नळीत उंच स्वर तोंडाशी आणि खर्ज टोकाशी टिपला जातो. या अभ्यासासाठी बेकेशी यांना 1961 चे नोबेल मिळाले. प्रत्येक कानात जेमतेम 15 हजारांच्या आसपास रोमपेशी हे काम करतात. चिप जळली तर नवी बसवता येते. माणसाची रोमपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. मिरवणुकीनंतर कानात घुमणारी शिटी दोन दिवसांत थांबली, की तरुण निर्धास्त होतात. नुकसान मात्र साठत जाते.

85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसावा, असा सर्वसाधारण निकष आहे. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती उरते जेमतेम 15 मिनिटे. मिरवणूक चालते कित्येक तास.

म्हणून ज्या पडद्यावर आवाज नाचतो, त्याच्याच एका कोपऱ्यात डेसिबलचा आकडा झळकला पाहिजे: हिरवा, पिवळा, लाल. चित्रांसाठीचा सिग्नल थेट मिक्सरमधून घेता येतो. या आकड्यासाठी मात्र गर्दीजवळ प्रमाणित ध्वनिमापक ठेवावा लागेल. हा खर्च डीजेच्या भाड्यापुढे फार नाही. कार्यक्रमस्थळी आवाज सतत मोजत राहावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मानकातही सांगितले आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहेच. पण पोलिसांच्या यंत्रावरचा आकडा नाचणाऱ्यांना दिसत नाही आणि नंतर नोंदवलेल्या गुन्ह्याने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

पडद्यालाही शिस्त हवी. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणारी तीव्र उघडझाप काहींना अपस्माराचा झटका आणू शकते. जपानमध्ये 1997 मध्ये एका कार्टूनमधील अशा दृश्यानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. लेझरची गोष्ट तर नाशिककरांना ठाऊक आहे. 2023 च्या मिरवणुकीनंतर दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण येथील नेत्रतज्ज्ञांकडे आले होते.

अशाने उत्सवाची रंगत जाईल, अशी भीती कुणी घालील. पण नाशिक ढोलाचे नाव सर्वदूर झाले, ते वादकांच्या मनगटाच्या जोरावर. भिंतीएवढ्या स्पीकरमुळे नव्हे. 2027 चा सिंहस्थ समोर आहे आणि शहरात मोठे पडदे लागतीलच. आकडा दाखवण्याची सुरुवात त्याआधी, येत्या गणेशोत्सवात एखाद्या मंडळाने स्वतःहून करावी. आकडा लाल झाला की आवाज कमी करायला पोलिसांची वाट पाहावी लागणार नाही.