मालकी नका इचारू, कसता किती ते इचारा

मुरुड भागात सर्व्हेवाले येतात नि इचारतात, ‘मालकीची जमीन किती?’ गायरान कसणारी, घरात पारधी बोलणारी बाई म्हणते, ‘न्हाई बाबा.’ फॉर्मवर शून्य! ‘कसता किती?’ म्हटलं असतं तर तिनं बांधावर नेऊन दाखवलं असतं. ‘अतिक्रमण’ म्हटलं की माणूस गप्पच, पोलिस आठवतात.

सरकारची अट 14 एप्रिल 1990 आधीच्या कब्जाची. तारीख कोण सांगणार? कार्यकर्त्यांनी असं इचारावं: 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, तोवर या रानात मिरगाच्या पेरण्या किती झाल्या होत्या? पाच म्हणाले तर 1989 चा मिरग निघतो, अटीत बसतं. जबाब घरच्या बोलीत घ्या, तसाच उतरवा. मराठी मागनं करता येईल.