कुलूप बाईनेच का लावायचे?

मध्यंतरी तालुक्याच्या गावी एका महिला मेळाव्याला गेले होते. सायबर सुरक्षेवर बोलायला एक अधिकारी आले होते. बायकांनी फोटो टाकू नयेत, अनोळखी माणसाशी बोलू नये, प्रोफाइलला कुलूप लावावे, आणि स्वतःला जमत नसेल तर घरातल्या मुलाकडून सेटिंग करून घ्यावे, असे तासभर सांगून झाले. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी पापड-मसाल्याचा धंदा करणारी एक बाई बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘‘ताई, नंबर नाही द्यायचा, फोटो नाही टाकायचा, मग पापड विकायचे कसे?’’

तिच्या प्रश्नाला त्या व्याख्यानात जागाच नव्हती, कारण ते व्याख्यान आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दिवेलागणीच्या आत घरी ये, मान खाली घालून चाल. आता त्यात फोनची भर पडली एवढेच. रस्ता धोक्याचा आहे ना, मग बाईने रस्त्यावर येऊ नये!

फेसबुकने मे २०२० मध्ये भारतात प्रोफाइलला कुलूप लावायची सोय आणली. ती विशेषकरून बायकांसाठी असल्याचे सांगितले. म्हणजे इथे बाईला धोका आहे हे कंपनीला ठाऊक होते. पण दार मुळात उघडे कोणी ठेवले? नंबरावरून माणूस शोधायची कंपनीचीच सोय वापरून लबाडांनी जगभरच्या ५३ कोटींहून जास्त खात्यांची माहिती फोन नंबरांसकट उपसली. त्यात सुमारे ६० लाख खाती भारतातली होती. एप्रिल २०२१ मध्ये ही सगळी यादी इंटरनेटवर फुकटात पडलेली सापडली. आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याबद्दल २६ कोटी ५० लाख युरो दंड ठोठावला. माहितीचे रक्षण मूळ रचनेतच असायला हवे होते, ते नव्हते, हा ठपका. त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ५०० कोटी डॉलरचा दंड केला होता. खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर जाहिरातींसाठी वापरले, हाही त्यातला एक आरोप होता. सुरक्षेसाठी म्हणून नंबर दिला तोच बाजारात गेला, आणि वर ऐकायचे काय? ‘बायका सावध नसतात.’

सगळ्या खेळाची किल्ली ‘मूळ सेटिंग’मध्ये आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याला न विचारता कोणीही कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू शकत असे. एप्रिल २०१९ मध्ये ते थांबवायची सोय झाली खरी, पण मूळ सेटिंग ‘सगळे’ हेच राहिले. ज्या बाईला ही सोय आहे हे कोणी सांगितलेच नाही, ती झोपून उठते तो ‘घरबसल्या लाईक करा, रोज हजार रुपये कमवा’ अशा ग्रुपात असते. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरेच जमा होतात. पुढे बचतगटाचे कर्जही त्यात जाते, आणि मग नवऱ्याला काय सांगायचे या भीतीने तोंड शिवले जाते.

भंवरीदेवीच्या लढ्यातून १९९७ साली विशाखा निकाल आला. कामाची जागा सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बाईने नोकरी सोडावी असे नाही सांगितले. मग हा नियम या नव्या मालकांना का नको? आणि इच्छा असली की करता येते. कर्ज देणारी अ‍ॅप फोनमधले सगळे नंबर नि फोटो चाटून घेत, हप्ता चुकला की बाईचे फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवत. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने या अ‍ॅपना संपर्कयादी आणि फोटोंना हात लावायला मनाई केली. चोर अ‍ॅप अजून आहेत. पण नियम कर्जदारावर नाही, दुकानदारावर लागला, हे महत्त्वाचे.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात, सेटिंग वगैरे किरकोळ तांत्रिक बाबी, चळवळीचा तो विषय नव्हे. मला हे पटत नाही. कंपनी सुधारेल तोवर बाईने लुटून घ्यायचे का? ग्रुपचे सेटिंग ‘माझे संपर्क’ करायला अर्धा मिनिट लागतो. फेसबुकवर मित्रयादी लपवली, तर आपल्या नावाने बनावट खाते काढणाऱ्याला आपल्या माणसांकडे पैसे मागणे अवघड जाते. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी पिन घातला, की नुसता ओटीपी काढून घेऊन खाते पळवता येत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नये, ताबडतोब १९३० ला फोन लावावा. तिथे वेळेला किंमत आहे.

फक्त हे ‘घरातल्या मुलाकडून’ नको. मुलाने घातलेला पिन मुलाला ठाऊक असतो, नवऱ्यालाही. किती घरांत बाईच्या फोनची किल्ली पुरुषाच्या खिशात असते, हे केंद्रावर येणाऱ्या बायका आपल्याला रोज सांगतात. पिन तिच्या बोटांनी, तिने निवडलेला. फोन बिघडला तरी चालेल, पण तिचा तिनेच हाताळायचा.

आणि आता आपल्याकडे. मेळावा झाला की हजेरीच्या वहीतले सगळे नंबर उचलून ग्रुप करणारे कोण? आपणच! त्यात मारहाण सोसून आलेली, पत्ता लपवून राहणारी बाईही असते. तिचा नंबर दोनशे जणींना दिसतो, दोनशे घरांतल्या पुरुषांनाही. तिला विचारले होते का? निरोपच द्यायचा तर ब्रॉडकास्ट यादी करता येते. त्यात एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. बायकांनी संस्थेचा नंबर फोनमध्ये साठवला की झाले. आमच्या गटाने जुना ग्रुप मोडला. पुढच्या बैठकीपासून हजेरीच्या वहीत नंबरासमोर एक रकाना वाढवला आहे : ‘ग्रुपात घालू का? हो / नाही.’ पहिल्याच दिवशी अकरा जणींनी ‘नाही’ लिहिले.