बत्तीस बिट, चौसष्ट बिट आणि आपली संगणक प्रयोगशाळा



गेल्या पालक सभेत एक सूचना आली. प्रयोगशाळेतील १८ संगणक '३२ बिटचे' असल्याने निरुपयोगी झाले आहेत, ते भंगारात देऊन '६४ बिटचे' नवे संगणक घ्यावेत, अशी ती सूचना. सूचना करणाऱ्यांच्या मनात मुलांचे हितच आहे. पण मी या सूचनेशी सहमत नाही. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय येणार आहे, आणि पैसा देणगीदारांचा व पालकांचा आहे. म्हणून बैठकीपूर्वीच माझे मत सर्वांसमोर ठेवतो.

प्रथम हे बिट म्हणजे काय ते पाहू. आपल्या टपालाचा पिनकोड सहा आकडी असतो. बिदरचा ५८५४०१, कलबुर्गीचा ५८५१०१. सहा आकड्यांत जास्तीत जास्त दहा लाख क्रमांक मावतात, त्याहून एकही जास्त नाही. संगणकाच्या रॅममध्येही प्रत्येक बाइटला असाच पत्ता असतो, मात्र तिथे शून्य आणि एक हे दोनच अंक चालतात. त्या एका अंकाला बिट म्हणतात. (मी हिंदी माध्यमातून शिकलेला असल्याने रॅमला 'स्मृति' म्हणायची मला सवय; पण दुकानात 'रॅम' म्हटल्याशिवाय कोणी देत नाही.) पत्ता ३२ बिटांचा असेल तर एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. म्हणजे चार जीबी. त्यातील काही पत्ते डिस्प्ले कार्डासारख्या उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात. त्यामुळे ३२ बिट विंडोजवर चार जीबी रॅम बसवली तरी वापरायला तीन-सव्वातीन जीबीच मिळते. अशा वेळी दुकानदाराने फसवले असे समजू नये.

चौसष्ट म्हणजे बत्तिसाच्या दुप्पट, असे मुलांना वाटते. इथे बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट आठवावी. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जायचे. आपला भाग तुरीचा, म्हणून दाणे तुरीचे धरू. अर्धा पट म्हणजे ३२ घरे भरली की ४२९ कोटींच्या वर दाणे होतात. एवढी तूर कलबुर्गीच्या मार्केट यार्डात सहज मावेल. पूर्ण पट भरायचा म्हटले तर साऱ्या जगात हजारो वर्षे पिकलेली तूरही पुरणार नाही. ३२ आणि ६४ बिटमध्ये या अर्ध्या आणि पूर्ण पटाएवढा फरक आहे. म्हणूनच आजचे प्रोसेसर पत्त्यासाठी ६४ पैकी सगळे बिट वापरतसुद्धा नाहीत.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग सूचना बरोबरच आहे की! पण 'संगणक ३२ बिटचा आहे' हे वाक्यच अर्धवट आहे. प्रोसेसरचे बिट वेगळे, विंडोजचे वेगळे. ६४ बिट प्रोसेसरवर ३२ बिट विंडोज चालते. उलटे मात्र चालत नाही. सामान्य संगणकात ६४ बिट प्रोसेसर २००३ मध्ये एएमडी कंपनीने आणला, पुढच्या वर्षी इंटेलनेही त्याच वाटेने प्रोसेसर काढले. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे दुकानदार त्यावर ३२ बिट विंडोजच बसवून देत होते, कारण प्रिंटर आणि स्कॅनरचे ६४ बिट ड्रायव्हर मिळत नसत, आणि एक-दोन जीबी रॅमला ६४ बिटचा काही उपयोगही नव्हता.

आपल्या प्रयोगशाळेत नेमके हेच झाले आहे. १८ पैकी ११ संगणकांत कोअर टू ड्युओ प्रोसेसर आहे, आणि तो ६४ बिटचा आहे! त्यावर विंडोज ७ तेवढे ३२ बिटचे आहे. खऱ्या अर्थाने ३२ बिटचे असे चारच जुने पेंटियम फोर आहेत. उरलेले तीन आय-थ्री प्रोसेसरचे, विंडोज १० असलेले. ते दोन्ही बाजूंनी ६४ बिटचेच आहेत.

तरीही अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. फेब्रुवारी २०२३ पासून क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत, मग विंडोज ७ हे ३२ बिटचे असो की ६४ बिटचे. विंडोज १० ची नियमित मदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच आहे, पण आपल्या आय-थ्री संगणकांना ते घेत नाही, कारण त्याला नवा प्रोसेसर आणि सुरक्षेची टीपीएम चिप लागते. म्हणजे ६४ बिट असूनही आपले तीन संगणक मागे पडलेच. दोष वयाचा आहे, खापर मात्र बिटावर फोडले जाते.

आता दुसरी बाजू. एका विक्रेत्याने दिलेल्या कोटेशनमध्ये प्रत्येक ओळीत ठळक अक्षरांत '६४ बिट' लिहिले आहे. आज बाजारात मिळणारा कुठलाही नवा संगणक ६४ बिटचाच असतो. 'चार चाकांची मोटार' अशी जाहिरात करण्यासारखे ते झाले. त्याच कोटेशनमध्ये रॅम फक्त चार जीबी आहे. चार जीबीपलीकडे जाता यावे हाच तर ६४ बिटचा मोठा लाभ! उलट थोड्या रॅमवर ६४ बिट विंडोज जास्तच अडखळते, कारण प्रत्येक पत्ता लिहायला चारऐवजी आठ बाइट खर्च होतात. घ्यायचेच असतील तर संगणक कमी घ्या, पण आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिटांच्या आकड्यावरून यंत्राची ताकद ठरत नाही, याचे एक मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तयार केला. त्यातील टी-८०० प्रोसेसर ३२ बिटचे होते. दशांशाची मोठी गणिते करणारा ६४ बिटचा भाग त्यांच्यात जोडलेला होता, आणि असे अनेक प्रोसेसर एकत्र जुंपले होते. पुढे १९९८ च्या 'परम १००००' मध्ये ६४ बिट प्रोसेसर आले. काम काय आहे ते पाहून बिट निवडले गेले.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. अकरा कोअर टू ड्युओ संगणकांची रॅम मदरबोर्ड घेईल तेवढी वाढवावी, साधी एसएसडी बसवावी आणि ६४ बिट लिनक्स घालावे. लिनक्सला परवान्याचा खर्च नाही, मराठी आणि कन्नड दोन्ही युनिकोडमध्ये नीट टाइप होते. तीन आय-थ्रीवरही तेच. ३२ बिटवरून ६४ बिटवर जाताना जुन्यावर नवे चढवता येत नाही, सगळे पुसून बसवावे लागते. त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांनी आपापले प्रकल्प पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. प्रत्येक संगणकाची तपासणी हीच मुले करणार आहेत. प्रोसेसर आणि विंडोज यांचे बिट वेगवेगळे तपासायचे आणि यादी सूचना फलकावर लावायची.

चार पेंटियम फोरपैकी तीन खुशाल भंगारात द्यावेत. चौथा मात्र कार्यालयात ठेवावा लागेल. आपला फीच्या हिशेबाचा जुना कार्यक्रम डॉसच्या काळातला, १६ बिटचा आहे. ३२ बिट विंडोज त्याला सांभाळून घेते, ६४ बिट विंडोज तो उघडतही नाही. तो सगळा हिशेब नव्या फाइलमध्ये उतरवून तपासून होईपर्यंत त्या संगणकाला इंटरनेटची वायर जोडू नये, अशी सूचना लिपिकांना दिली आहे.