तबकडीच्या पलीकडे

दूरचित्रवाणीवरील बालगायकांच्या स्पर्धा आता मराठी घरांच्या अंगवळणी पडल्या आहेत. दहा-बारा वर्षांचे मूल रंगमंचावर येते, लतादीदींचे किंवा बाबूजींचे एखादे अवघड गीत त्यातल्या हरकती-मुरक्यांसह, श्वास घेण्याच्या जागाही न चुकवता गाऊन दाखवते आणि परीक्षकांचे डोळे पाणावतात. ‘हुबेहूब’ हा शब्द अशा वेळी सर्वोच्च प्रशंसा म्हणून उच्चारला जातो. त्या मुलांच्या कष्टांविषयी आणि त्यांच्या पालकांच्या ओढाताणीविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. हुबेहूबपणा हीच कलेची कसोटी मानली, तर त्या कसोटीला आता यंत्रही उतरू लागले आहे. ‘लाल सलाम’ या 2024 च्या तमिळ चित्रपटातील एका गीतासाठी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुन्हा घडवले. कुटुंबीयांची संमती घेतली, मोबदलाही दिला, असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. तेव्हा प्रश्न व्यवहाराचा नाही. जे यंत्रालाही साधते, त्यालाच आपण इतके दिवस कला म्हणत आलो काय, हा आहे.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पं. कुमार गंधर्व यांची जन्मशताब्दी नुकतीच होऊन गेली. 8 एप्रिल 1924 रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा लहानपणी नेमके हेच करीत असे. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकायच्या आणि त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायच्या. तान तीच, ठेहराव तोच, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत गवयाने जे काही कोंबले असेल ते सारे त्या कोवळ्या गळ्यातून बाहेर पडे. लोक थक्क होत. एका मठाच्या स्वामींनी कौतुकाने ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करीत. 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमधील संगीत परिषदेत हा मुलगा गायला, तेव्हा जाणकारांची सभा त्याने जिंकली. आजची वाहिनी तेव्हा असती, तर अंतिम फेरीचा विजेता त्याच दिवशी ठरला असता आणि कदाचित कुमार गंधर्वांची कथा तेथेच संपलीही असती.

ती संपली नाही, याचे श्रेय प्रा. बी. आर. देवधर यांना. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य. पण ग्वाल्हेरच्या तालमीत वाढूनही त्यांचे कान कोणत्याही घराण्याला बंद नव्हते. त्यांच्या विद्यालयात सर्व परंपरांचे गवई येत, गात, वाद घालीत. त्या वातावरणात त्यांनी या मुलाला आपल्यापाशी ठेवून घेतले. ज्याला सगळे गाता येते असे जग म्हणत होते, त्याला स्वर कशासाठी लावायचा, राग म्हणजे काय, बंदिशीला घाट कसा असतो, हे मुळापासून शिकावे लागले. टाळ्या मिळवून झालेल्या मुलाला पुन्हा पाटीवर बसवणे सोपे नसते. देवधर मास्तरांनी ते केले आणि त्या मुलाने ते करू दिले. यातले अधिक अवघड कोणते, हे सांगणे कठीण आहे.

पुढचा घाला नियतीचा होता. 1947 साली भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात क्षयाचे निदान झाले. कोरड्या हवेसाठी जानेवारी 1948 मध्ये कुमारजी माळव्यातील देवासला आले. गाण्याला वैद्यकीय मनाई झाली. चोविशीच्या आतबाहेरचा, कीर्तीच्या शिखराकडे निघालेला गायक, आणि गळ्यातून स्वर काढायचा नाही! ही बंदी सुमारे पाच वर्षे चालली. भानुताईंनी शुश्रूषेचा भार वाहिला. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध उपलब्ध झाले, म्हणून प्राण वाचले. एक फुफ्फुस मात्र जवळपास निकामी झाले.

या पाच वर्षांत कुमारजींना उरला होता तो फक्त कान. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याच्या बायकांची लग्नातली, सणावारांची, पावसाळ्याची गाणी ऐकू येत. फिरत्या जोग्यांची निर्गुणी भजने कानी पडत. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुना कोणी शास्त्र म्हणून गात नव्हते. पण त्यांच्यात रागाचे बीज दडलेले आहे, हे या आजारी माणसाच्या ध्यानात आले. राग आधी आणि लोकधून नंतर, असा क्रम नसून तो उलटा आहे, या जाणिवेतून पुढे त्यांचे ‘धुनउगम’ राग निर्माण झाले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी ही त्यांतली काही नावे. ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. मातृभाषा कन्नड, गुरू मराठी, घर माळव्यात, ओठांवर कबीर आणि तुकोबाही. भारताच्या सांस्कृतिक एकात्मतेवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी देवासच्या टेकडीखालचे ‘भानुकुल’ एकदा पाहून यावे.

1953 मध्ये कुमारजी पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा ऐकणाऱ्यांना वेगळाच गायक भेटला. लांब दमाच्या अखंड ताना गेल्या होत्या. छोटे, धारदार स्वरसमूह आणि त्यांच्यामधली बोलकी शांतता आली होती. सनातन्यांनी नाके मुरडली. हे कोणत्या घराण्यात बसते, अशी विचारणा झाली. फुफ्फुस अधू असल्याने ही शैली आली, असे आजही सांगितले जाते आणि त्यात तथ्यांश असेलही. परंतु क्षयाने ज्यांची फुफ्फुसे अधू केली अशांची संख्या या देशात थोडी नव्हती. त्यांतल्या एकाने आपल्या तुटक्या श्वासाची गायकी केली. हे रोगाचे कर्तृत्व म्हणता येणार नाही.

आता या कथेतील सर्वांत बोलकी घटना. बालगंधर्व हे महाराष्ट्राचे दैवत. त्यांच्या नाट्यपदांची नक्कल करणारे गावोगाव होते. लहानपणी तबकड्या हुबेहूब उतरवणाऱ्या कुमारजींना ही नक्कल अशक्य नव्हती. त्यांनी कार्यक्रम केला, त्याचे नाव ठेवले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यात आवाज कुमारांचा होता, लगाव कुमारांचा होता आणि बालगंधर्वांच्या गाण्यातले मर्म प्रेक्षागृहात उभे राहत होते. काही निष्ठावंतांना हे मानवले नाही. पण भक्ती म्हणजे वेषांतर नव्हे, हे त्या ‘उमजलेले’ या एका शब्दात आले आहे. यंत्र आवाज उचलू शकते. त्याला उमजत काहीच नाही.

यावरून परंपरा मोडणाराच खरा कलावंत, असा सोयीस्कर अर्थ काढणारेही निघतील. त्यांनी पं. भीमसेन जोशी यांच्याकडे पाहावे. तोही कर्नाटकातलाच मुलगा, दोन वर्षांनी मोठा. त्यालाही वेड लावले ते तबकडीनेच, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या. 1933 मध्ये घर सोडून तो गुरूच्या शोधात उत्तरेत भटकला आणि अखेर घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे स्थिरावला. भीमसेनजींनी किराणा घराणे सोडले नाही. तरीही कोणाच्या तबकडीची प्रत म्हणून त्यांना कोणी ओळखले नाही. एक परंपरेबाहेर पडल्यासारखा दिसला, दुसरा तिच्यातच राहिला. दोघांनीही तिला उसन्या मालासारखे वापरले नाही, हे महत्त्वाचे.

कुमारजी देवधरांकडे 1936 मध्ये आले आणि 1947 पर्यंत त्यांच्या सान्निध्यात राहिले, म्हणजे सुमारे अकरा वर्षे. स्पर्धेचा एक हंगाम काही महिन्यांत आटोपतो. पुढे मुलाचा आवाज फुटतो, दूरध्वनी येणे थांबते आणि मागच्या वर्षीचा ‘छोटा उस्ताद’ कोठे आहे, हे कोणाला आठवत नाही. त्याला पुढची दहा वर्षे आपल्यापाशी बसवून घेणारे देवधर मास्तर कोठे आहेत, याची चौकशी वाहिनी करणार नाही. ती आई-वडिलांनी करायची आहे आणि पहिल्या फेरीच्या आधी करायची आहे.