मानधन नको, महागाईशी जोडलेले वेतन हवे



महागाई वाढली की सरकारचा हात आधी कामगाराच्या पगारावर पडतो. मे १९७४ मधला रेल्वे कामगारांचा संप सरकारने अटकसत्राने मोडला. जुलैत वटहुकूम काढून पगारवाढीची सगळी आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीच्या ठेवीत अडकवली. कामगार संघटनांनी विरोध केला. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या.

तिवसा तालुक्यात निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचे काय? तिच्यापर्यंत ‘महागाई भत्ता’ हा शब्दच पोहोचत नाही. मग तो गोठवणार काय? तेल महागले की ती आपल्याच ताटातले कमी करते.

अंगणवाडी सेविकेला तर वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळते. या शब्दातच वेतननियंत्रण आहे. केंद्राने ठरवलेले मानधन २०१८ मध्ये ४५०० रुपये झाले; २०२३ उजाडले तरी तेवढेच होते. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला. मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटी, पेन्शनही मागितले. सेवाभावाचे कौतुक पुरे, कामाचा हक्क द्या, हेच त्या सांगत होत्या.

संघटित कामगारांनी लढून मिळवलेला महागाई भत्ता आम्हाला खुपत नाही. उलट तोच हक्क शेतमजूर बाईला आणि सेविकेला मिळावा. मजुरी आणि मानधन महागाई निर्देशांकाशी जोडा, ही मागणी कामगार संघटनांच्या मागणीपत्रात शेवटी नव्हे, पहिल्या ओळीत यायला हवी. ती तिथे यावी म्हणून संघटनांच्या बैठकांना आपणच जाऊया.